दहापैकी तीन

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज खोटं बोलले. नोकरीचा भाग म्हणून.

नवीन घर. किल्ल्या बनवणारे काका, अंथरुणाला खिळलेल्या काकू, नववीतली मुलगी. काकूंचा कॅन्सर मणक्यात उतरलाय, आता बरा होणार नाही. अशाच वेळी आमचं पॅलिएटिव्हचं काम सुरू होतं — दुखणं, धाप, भीती कमी करायची, उरलेले दिवस बरे जातील असं बघायचं. काकांनी दारातच हात जोडले. "गळ्यातलं कार्ड काढा तेवढं. पोरीला सांगितलंय, आईच्या मणक्यात गॅप आहे. तुम्ही व्यायाम शिकवणाऱ्या बाई."

सोबतच्या नर्स सिस्टरनी मुकाट्यानं कार्ड पर्समध्ये टाकलं. मीही टाकलं. मुलगी वही घेऊन समोर बसली. मी काकूंचा पाय हळूच वाकवून दाखवला. तिनं लिहून घेतलं — किती वेळा, कधी, आधी डावा की उजवा.

६ फेब्रुवारी

सिस्टरशी भांडले. पंचवीस वर्षं त्या या कामात आहेत. म्हणाल्या, "घर त्यांचं, मुलगी त्यांची. आपण सल्ला द्यायचा, दार फोडायचं नाही." मी म्हटलं, मग मुलीच्या बाजूनं कोण? "रक्त गरम आहे तुझं." असू दे गरम.

घरीही तीच तऱ्हा. घरातली पहिली पदवी माझी, टीव्हीच्या वर फ्रेममध्ये, आणि आई शेजारणीला सांगते, "दवाखान्यात ऑफिसला असते." काल ताटावर बसल्यावर मुद्दाम म्हटलं, मी मरणाऱ्या माणसांकडे जाते. बाबा म्हणाले, "जेवताना तरी नको." मग कधी? जेवल्यावर तुम्हाला झोप येते.

११ फेब्रुवारी

त्यांच्या भिंतीवर तक्ता लागलाय. मुलीनं रंगीत पेनांनी आखलेला. व्यायाम, दूध, अंडं, पावडर — रोजचे दहापैकी मार्क. काल काकूंना तीन.

"ताई, तुम्हीच सांगा आईला. प्रयत्नच करत नाही. काल सगळं ओकली. मुद्दाम."

काकू उशीवरूनच म्हणाल्या, "बघा, या वयात नापास व्हायची वेळ आली." बेचाळीस वर्षांच्या आहेत.

मुलीनं पेन पुढे केलं. तुम्ही सही केलीत तर आई ऐकेल, म्हणाली. मी केली. खाली 'छान प्रयत्न, असंच चालू ठेवा' असंही लिहिलं. कसा धजावला हात?

ती पाणी आणायला गेली तेव्हा काकूंना विचारलं, सांगायचं का तिला? डोळे मिटूनच म्हणाल्या, "सांगा कुणीतरी. मला तिच्याशी भांडत भांडत जायचं नाहीये."

१२ फेब्रुवारी

थेट काकांच्या टपरीवर गेले. किल्ली घासत होते. मान वर न करता म्हणाले, "वार्षिक परीक्षा होऊ दे. मग सांगतो."

"परीक्षा एप्रिलमध्ये, काका. काकू तोवर नसतील."

यंत्र थांबलं. समोर एक गिऱ्हाईक मोडकी किल्ली घेऊन उभं. "माझं तेवढं आधी..." म्हणालं, आणि आमचे चेहरे बघून मागे सरकलं.

"पोर कोसळेल माझी."

"ती आत्ता आईवर ओरडतेय. ओकली म्हणून. हे तिला जन्मभर पुरेल. त्यापेक्षा रडलेलं परवडलं."

"तुम्हाला पोरबाळ नाही. तुम्हाला काय कळणार?"

नाही पोरबाळ. पण कालपरवापर्यंत मीच पोर होते. घरातलं सगळं मला सगळ्यात शेवटी कळायचं, तेही दाराआडून. हे मी बोलून दाखवलं. त्यांनी हातातली किल्ली खाली ठेवली.

"रविवारी या. मला शब्द फुटायचे नाहीत."

१६ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं.

काकांनी "आईचा मणका..." एवढंच म्हटलं आणि थांबले. पुढचं मी. कॅन्सर म्हटलं. बरा होणार नाही म्हटलं. भूक गेलीय कारण शरीर थांबत चाललंय — तू भरवण्यात कमी पडलीस म्हणून नाही, आई हट्टी आहे म्हणूनही नाही. आता तिला दुखू द्यायचं नाही, हे आपलं काम. काकूंनी तिचा हात धरून ठेवला होता. मनातल्या मनात मी जिंकले होते.

ती रडली नाही. उठली, तक्ता काढला, माझ्या सहीवर बोट ठेवलं.

"तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

हो.

"बाबा घाबरट आहेत, ते मला कळतं. तुम्ही तर शिकलेल्या होतात ना?"

मग दार उघडून उभी राहिली. "परत येऊ नका."

१७ फेब्रुवारी

सिस्टर म्हणाल्या, "म्हणून म्हणत होते." नाही! सांगण्यात चूक नव्हती. चूक पहिल्या दिवशीची — दारात उभं राहून मी व्यायामाची बाई झाले ती.

मोठ्या डॉक्टरांना लिहून दिलं. यापुढे खोटी ओळख घेऊन कुणाच्या घरात शिरणार नाही. घरच्यांना वेळ देईन, बळ देईन, पण मुलानं समोरून विचारलं तर खरं तेच सांगेन. कामावरून काढायचं तर काढा. डॉक्टर म्हणाले, "आधी बसा तरी." मी उभीच राहिले.

अजून काढलेलं नाही.

२१ फेब्रुवारी

सिस्टर एकट्याच जातात तिकडे. काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं. विचारलं. औषधं मुलगीच देते म्हणाल्या, गजर लावून.

२५ फेब्रुवारी

सकाळी सव्वासहाला फोन. तीच.

"आईचा श्वास मध्येच थांबतो, मग परत येतो. बाबा म्हणतात, झोप लागलीय. तुम्ही खरं सांगा."

म्हटलं, बहुतेक आजच. अशा श्वासाचा तिला त्रास होत नसतो. तुझा आवाज पोचत असेल, बोलत राहा.



"बरं. मग मी आज शाळेत जात नाही."