पाहून लिहिलेलं शून्य

बाबा,

इतक्या उशिरा लिहितो आहे, राग मानू नका. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली आणि मी एक ओळ लिहिली नाही. सहावीत शाळा सुटली तेव्हापासून लिहायचं म्हटलं की हात आखडतो. पण रविवारी एक उत्तर द्यायचं आहे आणि त्या घोरात चार दिवस झाले, जेवण जात नाही.

माझी नात, म्हणजे तुमची पणती, युरोपात असते. तिथे जमिनीखाली कित्येक कोसांचा गोल बोगदा आहे. त्यात डोळ्याला न दिसणारे कण अफाट वेगानं एकमेकांवर आदळवतात. टकरीतून नवे कण निघतात आणि बहुतेक तिथल्या तिथे फुटतात, म्हणून सगळ्यांची नजर त्याच जागेवर. ही मात्र आजवर कुणी न पाहिलेला कण शोधते. तो असलाच, तर हातभर किंवा खोलीभर पुढे जाऊन फुटेल, म्हणून त्याला दीर्घायुषी म्हणतात. तशा खुणा एरवी बिनकामाच्या म्हणून बाजूला पडतात. ती त्याच तपासत बसते. मी फोनवर विचारलं, "किती जगते गं तो कण?" म्हणाली, "आबा, तुमची पापणी लवेपर्यंत कोटी वेळा मरून जाईन तो." "अन त्याले तुमी दीर्घायुषी म्हणता?" तर हसते, "बाकीच्याइच्या मानानं म्हातारा आहे, तुमच्यासारखा."

तीन वर्षं झाली, सापडलं काही नाही. आता तिथे आणखी दोन वर्षं राहा म्हणतात, आणि इकडे वाशीमला कॉलेजात शिकवायची जागा निघाली आहे. मुलगा रोज मागे लागतो, "तीन वर्षात काई हाती नाई, मंग तिथं काय करून राह्यली? तुमी सांगा तिले, तुमचंच ऐकते." तीही म्हणते, "आबा, तुमी म्हणाल तसं."

तेव्हापासून मला एक सकाळ दिसते आहे. तुम्ही गावचे कोतवाल. रिठदच्या चावडीमागे पाऊस मोजायचा डबा. रोज सकाळी तुम्ही त्यातलं पाणी काचेच्या मापात ओतता, आकडा सांगता आणि मी वहीत लिहितो, कारण तुम्हाला मोजता येतं, लिहिता येत नाही. पंधरा दिवस थेंब नाही, म्हणून त्या दिवशी मी बाजेवर बसूनच शून्य लिहून टाकलं.

"पाह्यलं काय?"

"त्यात पाहाचं काय? सुकं ठणठणीत आहे."

तुम्ही कान धरून मला तिथवर नेलंत आणि आतली बाटली माझ्यासमोर उलटी केलीत. थेंब नव्हता. माझंच खरं निघालं म्हणून मी हसलो. तुम्ही हसला नाहीत. "आता लिही शून्य. मघाचं खोड."

मला तेव्हा तो जुलूम वाटला. आता पोरगी सांगते, नीट शोधून नाही सापडलं तर कण कुठे नाही ते पक्कं होतं, पुढच्यांना दुसरीकडे पाहता येतं. मुलाला हे सांगितलं तर म्हणाला, "शून्य आणाले इतक्या दूर कायले जा लागते?" वाईट नाही तो. त्याला लेकीची आठवण येते.

मी ठरवलं आहे. रविवारी तिचा फोन आला की राहा म्हणणार. पुढेही काही सापडलं नाही तरी चालेल. मुलगा अबोला धरेल, धरू दे. घोर आहे तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि हे पत्र टाकायला कुठे पेटी नाही म्हणूनच तो लिहितो. ती परत यावी असं मुलापेक्षा मलाच जास्त वाटतं. माझ्या वयाला दोन वर्षं फार आहेत. फोनवर शब्द जरा अडला तर ती लगेच ओळखेल आणि सामान बांधायला घेईल. तेवढा एक शब्द न अडखळता कसा म्हणायचा, ते सांगा. रविवार परवावर आला. लवकर कळवा.