चिरेची साक्ष

नागपूर, ९ जानेवारी २०२५

आदरणीय पंजाबकाकांना,
मयुरीचा सविनय जय भीम, वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पत्र. विहिरी खोदतानाच्या सुरुंगांनी तुमचे कान नेले, पण मोताळ्याकडचा खडक तुमच्याइतका कोणाला ठाऊक नाही. आमची कंपनी कारखान्यांचा कार्बन वायू आपल्या माळाखाली, खोल खडकात दाबाने भरणार आहे. तो तिथे राहील की नाही, हे तपासायचं काम माझ्याकडे आलंय. माळाच्या खडकात मोठी चीर आहे. ती बंद असेल तर ठीक, नाहीतर वायू तिच्यातून वर येईल. तो हवेपेक्षा जड, खोलगटात साचतो आणि माणूस गुदमरतो. आपली वस्ती खोलगटातच आहे. चिरेच्या एका बाजूचं पाणी दुसऱ्या बाजूला जातं का, तेवढं कळवा.

काकूंना सांगा, मी वेळेवर जेवते.

माया आहेच, ती आटू देऊ नका.
तुमची मयुरी

१६ जानेवारी

चि. मयुरीस,
काकाचा जय भीम व आशीर्वाद.

एवढी शिकलेली पोरगी काकाला विचारते, हे वाचून छाती फुगली. चिरेच्या अलीकडे उकंडरावांची विहीर, पलीकडे शालूबाईंची. दोन्ही मीच खोदल्या. चाळीस वर्षं उकंडरावांचं पाणी वीस हात खोल, शालूबाईंचं आठ हातांवर. एक थेंब ओलांडत नाही. चीर पक्की बंद! खुशाल माझ्या नावावर लिही.

काकू म्हणते, पोरगी वाळली असंल, तिले तिळाचे लाडू धाडा. धाडले आहेत. डब्यात दोन कमी भरतील, चौकशी करू नये.

लोभ ठेवतेसच, ठेव.
पंजाबराव

२ फेब्रुवारी

चि. मयुरीस, जय भीम.

घाईत लिहितो. तुला काय कळवलं ते काकूला सांगितलं, तर तिने कपाळावर हात मारला. दुष्काळाच्या साली उकंडरावांनी तीन मोटारी लावल्या आणि आठव्या दिवशी शालूबाईंच्या विहिरीचा तळ दिसला. काकू म्हणाली, तुमीच गाळ काढाले उतरले होते, मी भाकर घेऊन आलती, काऊन इसरले? खरं आहे. बढाईच्या भरात विसरलो. एरवी चीर बंद, पण जोर लागला की वाट देते. तुमचा तर दाबच आहे. माझं पहिलं पत्र फाड, हे लाव. फार लाज वाटते आहे.

पंजाबराव

नागपूर, ११ फेब्रुवारी

आदरणीय काका, जय भीम.

तुमचं पहिलं पत्र अहवालात गेलंय, ‘स्थानिक जाणकाराचं चाळीस वर्षांचं निरीक्षण’ म्हणून. दुसरं दाखवलं तर आमचे साहेब म्हणाले, ही म्हाताऱ्या माणसाची आठवण झाली, मोजमाप कुठे आहे? मी विचारलं, पहिल्याला तरी कुठे होतं? ते नुसते हसले. चिरेवर दाब देऊन पाहायला वर्षभराची मुदत मागितली, मिळाली नाही. मी अहवालावर सही केली नाही, दुसऱ्याने केली. चूक तुमची नाही, काका. एका पत्रावर विसंबले ती मी.

रागावू नका.
मयुरी

३ मार्च

चि. मयुरीस, जय भीम.

काल ग्रामसभा झाली. मी उभा राहून सगळं सांगितलं. कंपनीच्या माणसांनी माझंच पहिलं पत्र मोठ्याने वाचलं. कोण काय बोलतंय ते शेजारचा संघपाल मला कागदावर लिहून दाखवत होता. उकंडराव म्हणाले, मयुरी आपलीच पोरगी हाय, थे का घरच्याइच्या जिवावर उठन? कंपनीला परवानगीचा ठराव मंजूर झाला. हरकतीच्या अर्जाचं तेवढं सांग, तहसीलला देऊ की बुलढाण्याला?

काकू विचारते, वायू वर आलाच तर पळायचं कोणीकडे?

पंजाबराव

नागपूर, ९ मार्च

आदरणीय काका, जय भीम.

अर्ज दोन्हीकडे द्या. मी तीन दिले, एकाचीही पोच आली नाही.

काकूंना सांगा, ओढ्याकडे अजिबात नाही, चढाकडे पळायचं. त्यांच्या गुडघ्यांना चढ झेपत नाही, हे मला ठाऊक आहे. आणि आपल्या वस्तीला चढ एकच, माळाचा. त्याच्या माथ्यावर कंपनीने परवा वायू भरायची बोअर सुरू केली.

जवळ असू द्या.
तुमची मयुरी