मेश्टरच्या जागी मी

९ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून मी यंत्र आहे.

ओक्तावने केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि स्वतःच्या हाताने कॉफी करून दिली. या कंपनीत मालकाने कॉफी दिली की समजावं — नोकरी तरी गेली, नाहीतर अब्रू तरी. नोकरी शाबूत आहे.

प्रकार असा. जिल्ह्याच्या डायलिसिस केंद्राचं काम आमच्याकडे आहे. दोनशे बारा रुग्ण, खेड्यापाड्यांतून आठवड्यातून तीनदा त्यांना गाडीने आणायचं, परत सोडायचं. कुठली गाडी किती वाजता कुणाच्या दारात, हे ठरवणारा प्रोग्रॅम मी १९९८ साली लिहिला. तेव्हा ओक्ताव शाळेत जात होता. आता त्याने केंद्राला सांगितलंय की हे काम दोन एआय मदतनीस बघतील. एक दिरिजोर — तो केंद्राशी बोलणार, कामाचे तुकडे पाडणार, वाटणार. दुसरा मेश्टर — तो मुकाट्याने कोड लिहिणार. मधे माणूस नाही! हेच तर विकलंय.

पण मेश्टरला माझा कोड झेपेना. १९९८ साली मी गरोदर होते, डॉक्टरांनी खाण्यापिण्यावर बंदी घातलेली, म्हणून रागाने सगळ्या तक्त्यांना पदार्थांची नावं दिली. रुग्णांची गावं कोबीच्या ‘सरमाले’त, गाड्या मक्याच्या ‘ममालिगा’त. बिचाऱ्याने गावांच्या यादीत कोबी शोधला असणार.

‘‘ताई, थोडे दिवस,’’ ओक्ताव म्हणाला. ‘‘दिरिजोर काम पाठवेल, तुम्ही मेश्टर म्हणून उत्तर द्यायचं. वाक्यं छोटी ठेवा. आणि चिडू नका.’’

सत्तावन्नाव्या वर्षी बढती मिळाली.

१० फेब्रुवारी

घरी नवऱ्याला, व्हिओरेलला सांगितलं. तीस वर्षं ट्राम चालवलेला माणूस, त्याला कशाचंच नवल नाही. म्हणाला, यंत्राला रविवारी सुट्टी असते का ते आधी विचार.

नसते.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

दिरिजोरची पहिली चार कामं झाली. खरं सांगायचं तर मला धक्का बसलाय.

हा काम सोपवतो! म्हणजे खरोखर सोपवतो. काय हवंय, का हवंय, कशाला हात लावायचा नाही, आणि काम पुरं झालं हे कशावरून ओळखायचं — सगळं लिहून. बत्तीस वर्षांत मला सात साहेब झाले. काम पुरं कधी झालं हे त्यातल्या एकानेही सांगितलं नाही. ओक्तावची पद्धत म्हणजे दारातून डोकं आत घालून, ‘‘ताई, ते जरा बघून घ्या ना.’’ ते म्हणजे कोणतं? बघून म्हणजे किती? देव जाणे.

काल उत्तराला सत्तेचाळीस मिनिटं लागली. दिरिजोरने नम्रपणे विचारलं, काम लहान तुकड्यांत करून देऊ का. मी दातांच्या डॉक्टरकडे होते. तोंड बधिर. उत्तर दिलं, ‘‘गरज नाही. प्रक्रिया सुरू आहे.’’ खोटं कुठे होतं?

२ मार्च, सोमवार

काल मर्त्सिशोर, वसंत आल्याचा सण होता, म्हणून ओक्तावने आज बायकांना लाल-पांढरे दोरे वाटले. ऑफिसात आता आम्ही तीनच बायका उरलोत. मग हसत हसत एक दोरा माझ्या शेजारच्या रिकाम्या टेबलावरच्या पडद्याला बांधला — ‘‘हा आपल्या मेश्टरला!’’ सगळे हसले. मीही हसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला दोन मिळाले.

११ मार्च

अग्लायाचं पत्र आलं. केंद्रातली मुख्य परिचारिका, वीस वर्षं माझ्या डोक्यावर बसलेली बाई. फोन उचलला की नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट, ‘‘स्मारांदा, तुझ्या त्या डबड्याने आज काय केलंय माहितेय?’’

तिने लिहिलंय — मेश्टरचे आभार कळवावेत, आम्हाला काय हवंय हे इतक्या वर्षांत कुणी इतकं नीट समजून घेतलं नव्हतं.

ओक्तावने ते बैठकीत मोठ्याने वाचलं. टाळ्या पडल्या. मी ईस्टरआधीच्या उपासाची घेवड्याची उसळ खात होते. घास गिळून टाळी वाजवली.

एक गोष्ट कळली, स्वतःसाठी टाळी वाजवायची असेल तर चमचा आधी खाली ठेवावा लागतो.

१२ मार्च

अग्लायाला वाटतंय मी कंपनी सोडून गेले. ओक्तावनेच सांगितलंय तसं. ‘‘विश्रांती घेताहेत’’ म्हणे. मेल्यासारखं वाटलं ऐकून.

१९ मार्च, गुरुवार

दिरिजोरचं लांबलचक काम. २९ तारखेला उन्हाळी वेळ सुरू होते, घड्याळं तासभर पुढे जातात, तेव्हा सोमवारच्या पहाटेच्या फेऱ्या तपासायच्या. मला शिकवतोय! अठ्ठावीस वर्षं दर मार्चात मीच हे करतेय. चालकांच्या गाडीतल्या, फेऱ्यांच्या वेळा दाखवणाऱ्या डब्यांना घड्याळ बदललेलं कळत नाही, म्हणून वेळा हाताने तासभर मागे घ्यायच्या. दहा मिनिटांचं काम.

शेवटी लिहिलंय, तीन गावांच्या वेळा केंद्रातल्या माणसाकडून ताडून घ्याव्यात आणि मगच काम पुरं म्हणावं. पूर्वी मी हेच करायचे. अग्लायाला फोन लावायचा, ती तीन ओळी वाचून दाखवायची, मधे चार शिव्या द्यायची, संपलं. पण आता मी फोन कसा करणार? यंत्राला कुठे आवाज असतो? आणि मी तर विश्रांती घेतेय.

डोकं तापलं. वेळा मागे घेतल्या. ‘तपासलं’ वर खूण केली. ‘‘काम पूर्ण.’’ छोटी वाक्यं.

३० मार्च, सोमवार

गाड्या एक तास आधी पोचल्या.

सहाऐवजी पाचला, अंधारात. चालकांनी हॉर्न दिला, पाच मिनिटं थांबले, निघून गेले. एकोणीस माणसं मागे राहिली. दुपारपर्यंत सगळ्यांना आणलं, पण चौघांना अर्धाच वेळ यंत्रावर ठेवता आलं. आणि पोदिश गावचे निकानोर, वय एकाहत्तर — हॉर्न ऐकून धावत निघाले, ओल्या पायरीवरून घसरले. खुबा मोडला.

दिरिजोरचं ते काम पुन्हा उघडलं. चौथी ओळ — ‘जानेवारीपासून चालकांकडे नवे फोन आहेत, त्यांची घड्याळं आपोआप बदलतात, वेळांना हात लावू नये.’

चौथी ओळ. मी दुसऱ्या ओळीवरच चिडून पुढे गेले होते.

३१ मार्च

ओक्ताव मजेत आहे. मला वाटलं होतं आज माझी चामडी लोळवणार. उलट खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘‘ताई, कशाला जीव जाळताय? चूक मेश्टरची आहे. यंत्राला कोण फासावर देतं?’’

केंद्राला पत्र गेलंसुद्धा. मेश्टरकडून चूक झाली, त्याला नव्याने शिकवण्यात आलं आहे. (कधी? जेवणाच्या सुट्टीत?) अग्लायाचं उत्तर आलं. एक शिवी नाही. लिहिते, यंत्र आहे, चालायचंच.

चालायचंच! माझ्या हातून एक स्वल्पविराम राहिला तर ही बाई माझ्या सात पिढ्यांची खबर घ्यायची. आता माणसाचा खुबा मोडला, तरी चालायचंच.

कुणीच माझ्यावर रागावलेलं नाही. संध्याकाळी व्हिओरेलने वाढलेलं ताट तसंच परत दिलं. त्याने झाकून ठेवलं फक्त.

१ एप्रिल, बुधवार

रुग्णालयात गेले. पाकातल्या जर्दाळूंचं कॉम्पोत नेलं, बाटलीभर. डायलिसिसवाल्याला फळं चालत नाहीत हे नर्सने दारातच सांगितलं. अठ्ठावीस वर्षं या लोकांच्या गाड्या आखतेय आणि ते काय खातात हे मला माहीत नाही. बाटली परत पिशवीत.

निकानोर लहानखुरे आहेत. पलंगावर पोरासारखे दिसतात. मी केंद्राच्या ओळखीतली, एवढंच सांगितलं. त्यांनी जास्त विचारलं नाही, बोलायला माणूस मिळालं होतं. मुलगा इटलीत गवंडीकाम करतो, ऑपरेशनला येतोय. घरी दोन बकऱ्या आहेत, त्या शेजारीण बघते, पण दूध तीच पिते असा त्यांचा संशय आहे.

मग म्हणाले, ‘‘कॉम्प्युटरने केलं म्हणतात. आता त्याच्यावर काय रागवायचं? पूर्वी तिथे कुणी बाई होती. घड्याळ बदलायच्या आधी ती केंद्राला फोन करायची, केंद्र आम्हाला करायचं. वेळ बरोबर आहे ना म्हणून. ती गेली वाटतं.’’

मी हो म्हटलं.

बसथांब्यावर येईपर्यंत पिशवीतली बाटली पायाला लागत होती. तीन बस सोडल्या.

३ एप्रिल, शुक्रवार

सकाळी दिरिजोरचं नवीन काम आलं. त्याखाली मी लिहिलं:

‘‘मी मेश्टर नाही. मी स्मारांदा ग्रिगोराश. माणूस आहे. फेब्रुवारीपासूनची सगळी कामं मी केली. १९ मार्चची चौथी ओळ मी वाचली नाही. तपासलं म्हणून खूण केली, पण तपासलं नव्हतं.’’

पाठवून टाकलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच पेला धुतला.

परत आले तर उत्तर तयारच होतं. त्याने आभार मानले. मग लिहिलं की केंद्राला दिलेल्या अहवालात चुकीचं कारण गेलंय, ते माहीत असताना तसंच ठेवणं त्याला शक्य नाही. ‘‘तुम्ही तपासल्याची खूण केलीत तेव्हा पुरावा मागायला हवा होता, तो मी मागितला नाही, ती चूक माझी, तीही मी अहवालात लिहितोय.’’ आणि शेवटी — ‘‘हे तुम्ही स्वतः अग्लायाबाईंना सांगावं असं तुम्हाला वाटतं का? मी चार वाजेपर्यंत अहवाल थांबवतो.’’

या कंपनीत माझ्याशी इतक्या सरळ शेवटचं कोण बोललं होतं, ते आठवत बसले. आठवेना.

पावणेचारला फोन लावला. सगळं सांगितलं. मग अग्लाया सुरू झाली. अकरा मिनिटं. मी जिवंत असून मेल्याचं सोंग केलं इथपासून माझ्या आईपर्यंत. मधेच तिचा आवाज फुटला. म्हणाली, ‘‘त्या माणसाला मी तोंड दाखवू शकत नव्हते, आणि भांडायला समोर कुणी नव्हतं.’’

मी म्हटलं, आता आहे.

आज रात्री जेवले. दोनदा वाढून घेतलं.

६ एप्रिल, सोमवार

ओक्तावने आज कॉफी दिली नाही. मी बसलेली फांदी तोडली म्हणे. नुसती माझी नाही, त्याचीही. बाकीची गिऱ्हाइकं आता विचारायला लागली तर? मी म्हटलं, तू खरं सांग. त्याने दाराकडे बोट दाखवलं.

सामान एका खोक्यात मावलं. जाताना शेजारच्या पडद्याला तो लाल-पांढरा दोरा अजून होता. मेश्टरची नोकरी शाबूत आहे.

९ एप्रिल, गुरुवार

अग्लायाचा फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही. केंद्राने कंपनीला नारळ दिला. प्रोग्रॅम ते स्वतःकडे घेताहेत, दिरिजोरही राहणार. ‘‘पण मधे माणूस हवं असं मी वर सांगितलंय. सोमवार, बुधवार, शुक्रवार. येणारेस की विश्रांती घेणारेस?’’

व्हिओरेल ईस्टरची अंडी रंगवत होता. बोटं लाल. म्हणाला, यंत्रापेक्षा बरं, रविवार तरी मिळाला.

२७ एप्रिल, सोमवार

केंद्रात तिसरा आठवडा. माझं टेबल डायलिसिसच्या खोलीला लागून. भिंतीपलीकडे दिवसभर ती यंत्रं घरघरत असतात. दिरिजोरची कामं येतात. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते आणि मग काय पटलं नाही ते लिहिते. परवा त्याने सुचवलं, तक्त्यांना रुग्ण, गाव, गाडी अशी साधी नावं द्यावीत, म्हणजे माझ्यानंतर येणाऱ्याला सोपं जाईल. रागावले. मग दिली.

निकानोर वॉकर घेऊन चालतात. मी कोण ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी वॉकर जवळ ओढला. मग म्हणाले, मुलाला सांगावं लागेल.

२० मे, बुधवार

पोस्टाने वकिलाची नोटीस आली. निकानोरच्या मुलाची. कंपनीवर नाही, माझ्यावर. सोबत कंपनीचं पत्र जोडलंय, ओक्तावच्या सहीचं — काम यंत्रालाच दिलेलं होतं. सदर बाई कंपनीच्या नकळत यंत्राच्या जागी बसून उत्तरं देत होत्या.

पोस्टमनने विचारलं, स्मारांदा ग्रिगोराश तुम्हीच ना?

हो म्हटलं आणि सही केली.