गाडीचे कागद दाखवा, काकू

प्रिय ठकू,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या पोटात गोळा आला असेल, तर आधी तो खाली उतरव. आम्ही दोघंही ठणठणीत आहोत, घर जागेवर आहे आणि कुणाचं काही मोडलेलं नाही. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मला मधेच तोडतेस आणि मग मुद्द्याचं बोलणं राहून जातं. पत्रात तुला मधे तोंड घालता येत नाही. तेव्हा निवांत बस आणि ओळीनं वाच. गोष्टीचं शेवटचं पान आधी उघडायची तुझी लहानपणची खोड आज जरा आवर.

तर बातमी अशी, की मंगळवारी मला पोलिसांनी पकडलं. गाडी चालवताना.

हो, आपलीच गाडी. आणि चालवत मीच होते. बाबा शेजारी बसले होते. आता तू उठून येरझाऱ्या घालायला लागली असशील, म्हणून मागचं सगळं सांगते.

नऊ महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाबांना गाडी बंद सांगितली, तेव्हा तू इथेच होतीस. समोर बघितलं की मधोमध धुक्याचा डाग आणि कडेचं तेवढं दिसतं, असं त्यांनी तुला हातवारे करून समजावलं होतं. त्या दिवशी बाबा किल्ली टेबलावर ठेवून 'विकून टाका' म्हणाले, ते तू ऐकलंस. तू गेल्यानंतरचं मात्र मी तुला कधी सांगितलं नाही. ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले ते बसलेच. शेजारच्या मास्तरांनी फिरायला बोलावलं तरी नाही. मी म्हटलं, रिक्षानं जाऊ, तर म्हणाले, 'मला सामानासारखं कुठे नेऊ नकोस.' चौतीस वर्षं नगरपालिकेच्या दप्तरखान्यात हजारो माणसांच्या नोंदी सांभाळलेला माणूस, आणि आज वार कोणता तेही विचारेना. तू फोन केलास की 'मजेत' म्हणायचे आणि फोन माझ्या हातात द्यायचे. मीही 'मजेत' म्हणायचे. दोघंही पक्के थापाडे.

एका सकाळी गाडीवरची धूळ पुसताना मनात आलं, पन्नास वर्षं शिवणाचं मशीन चालवलं, मग ही काय मोठी लागून गेलीय? पाय खाली, हात वर, नजर समोर, आणि रेघ सोडायची नाही. कोपऱ्यावरच्या ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाईकडे गेले. तिनं माझं वय विचारलं. मी बासष्ट सांगितलं. 'घाबरता का?' म्हणाली. म्हटलं, 'नवरीचा ब्लाउज लग्नाच्या सकाळी उसवून पुन्हा शिवलाय मी. आता कशाला घाबरू?' पहिल्या दिवशी गाडी तेरा वेळा बंद पाडली. चौथ्या दिवशी एका दुकानाची कुंडी फोडली. महिन्याभरानं मात्र बाई म्हणाली, 'काकू, तुमचा क्लच लोण्यासारखा आहे.' तो माझ्या मशीनचा प्रताप.

बाबांना काही बोलले नाही. जमलं नसतं तर उगाच हसं झालं असतं, आणि जमलं तर त्यांना ते टोचेल अशी धास्ती. आठवड्यातून तीनदा 'ब्लाउज द्यायला जाऊन येते' सांगून निघायचे. शिकाऊ लायसन्स बटणांच्या डब्यात तळाशी लपवलं होतं. पक्कं लायसन्स मात्र पोस्टानं आलं आणि नेमकं बाबांच्या हातात पडलं. पाकीट चाचपून म्हणाले, 'आत काहीतरी कडक आहे. वाच बघू.' आता काय करायचं सांग! खोटं वाचावं तर उभ्या जन्मात या माणसाला कागदाबद्दल खोटं सांगितलं नव्हतं. वाचलं. नाव, पत्ता, जन्मतारीख, वाहनाचा प्रकार, सगळं. ऐकून घेतलं, मान हलवली आणि पुन्हा खिडकीकडे वळले. दोन दिवस त्या विषयावर चकार शब्द नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी खुर्चीतूनच म्हणाले, 'ऑइल बघितलंस का?'

ठकू, मी मोरीत जाऊन रडले आणि मग ऑइल बघितलं.

तेव्हापासून गेले तीन आठवडे आम्ही रोज निघतो. आधी चौकापर्यंत, मग बाजारापर्यंत, मग नदीपलीकडे. ते शेजारी बसून कानानं गाडी चालवतात. 'गिअर बदल, ती कण्हतेय,' म्हणतात. कडेचं त्यांना दिसतंच, त्यामुळे डावीकडून घुसणारा स्कूटरवाला माझ्याआधी त्यांना कळतो. आम्ही दोघं मिळून एक बऱ्यापैकी ड्रायव्हर होतो.

मंगळवारी डोळ्यांच्या दवाखान्यातून नवीन भिंग घेऊन परत येत होतो. मोठ्या रस्त्यावर मी माझ्या चालीनं चालले होते. आरशात बघितलं तर मागे गाड्यांची ही रांग, आणि जो तो हॉर्न वाजवतोय. मला वाटलं, पुढे काहीतरी अडलंय. पुढे तर रस्ता मोकळा! अडलं होतं ते माझ्यामुळे. तेवढ्यात पुलाच्या तोंडाशी एका पोलीसबाईनं हात केला.

शेजारी बघते तर बाबा ताठ बसलेले, नऊ महिन्यांत बसले नव्हते तसे. खालच्या आवाजात म्हणाले, 'इंडिकेटर दे. हळू कडेला घे. इंजिन बंद. काच खाली कर. हात दिसतील असे ठेव.' आणि मांडीवर ती कॅनव्हासची पिशवी घेतली. आठवते ना? गाडी घेतली त्याच आठवड्यात माझ्याकडून शिवून घेतलेली, सात कप्प्यांची. चौदा वर्षं ते ती पिशवी जय्यत तयार ठेवून हिंडले आणि एकाही पोलिसानं त्यांना थांबवलं नाही. नाक्यावर पोलीस दिसला की मुद्दाम गाडी हळू करायचे, आणि तो 'जा, जा' असा हात करायचा. तू मागच्या सीटवर खुसुखुसु हसायचीस.

पोलीसबाई तुझ्याच वयाची, उन्हानं रापलेली, उभं राहून राहून वैतागलेली. म्हणाली, 'काकू, मागे किती गाड्या तुंबल्यात बघितलं का? लायसन्स दाखवा. आणि इन्शुरन्स.' लायसन्स मी दिलं. बाबांनी न बघता, बोटांनी कप्पे मोजत, तिसऱ्यातून कागद काढला आणि असा पुढे केला, की जणू मानपत्रच देताहेत. तिनं तो घेतलाच नाही. 'कागद राहू द्या, काका. मशीनमध्ये नंबर टाकला की दिसतं.' बाबांचा हात तसाच राहिला. तिनं नंबर टाकला, बघितलं, आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. 'इन्शुरन्स अकरा दिवसांपूर्वी संपलाय, काकू. असं कसं चालेल? गाडी इथंच ठेवावी लागेल.'

खरंच, मी विसरले होते! इतकी वर्षं विम्याचं काम त्यांच्याकडे होतं. ते खुर्चीत बसले तेव्हापासून ते माझ्याकडे आलंय, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. अकरा दिवस मी यांना विम्याशिवाय गावभर फिरवत होते! मी 'चूक माझी' म्हणायला तोंड उघडलं, तोच बाबा म्हणाले, 'संपलेला नाही. कागद वाचा.'

आवाज तोच, ज्यानं दप्तरखान्यात साहेबसुद्धा गप्प व्हायचे. तिनं मुकाट्यानं कागद घेतला. वाचला. पुन्हा वाचला. मग माझ्या लायसन्सकडे बघितलं. 'नवीन आहे,' म्हणाली. 'पुढच्या वर्षापर्यंतचा. आणि चालवणाऱ्यात तुमचंही नाव आहे, काकू.'

मी कागद तिच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. माझं नाव, पूर्ण, शुद्धलेखनासकट बरोबर. आणि वर तारीख. ठकू, ती तारीख माझं लायसन्स घरी येण्याच्या पंधरा दिवस आधीची होती.

मी बाबांकडे बघितलं. ते सरळ पुढे बघत होते. म्हणाले, 'ब्लाउज द्यायला कुणी पांढरे बूट घालून जातं का? आणि परत येतेस तेव्हा हाताला स्टीअरिंगच्या रबराचा वास. मला मधलं दिसत नाही. कडेचं सगळं दिसतं.' मग त्यांनीच सांगितलं. एका दुपारी मी शिकायला गेलेली असताना हा माणूस, मला लपवताना कडेनं बघून ठेवलेल्या बटणांच्या डब्यातून माझं शिकाऊ लायसन्स काढून, दोन चौक चालत, बसचा नंबर लोकांना विचारत विमा कंपनीच्या ऑफिसात गेला होता. तिथल्या बाईकडून अर्ज वाचून घेतला, तिनं दाखवलं तिथे सही केली, आणि मी यायच्या आत घरी येऊन डबा जागेवर आणि स्वतः खुर्चीत. मी म्हटलं, 'मला बोलला का नाहीत?' तर म्हणाले, 'तू बोललीस का?'

पोलीसबाई काचेत वाकून हे सगळं ऐकत होती. तिनं कागदावरच्या नंबरावर फोन लावला. पलीकडच्यानं सांगितलं, विमा चालू आहे, मशीनमधली नोंद तेवढी मागे राहिलीय. दहा मिनिटं लागली त्याला. तेवढ्या वेळात ती पिशवीकडे बघत होती. 'कुणी शिवलीय ही?' बाबा म्हणाले, 'हिनं. बघायचीय?' मग काय विचारता! नोंदणीचा कागद, धूर तपासल्याचं प्रमाणपत्र, टायर कधी बदलले, बॅटरी कधी घेतली, एकेक कागद कप्प्यातून निघत होता आणि ती बाई भर उन्हात एकेक नीट वाचत होती. माझी शपथ, एकही वरवर चाळला नाही. एका कागदावर सही राहिलीय, हेसुद्धा तिनं दाखवून दिलं आणि बाबांनी कान पकडला. शेवटी तिनं आपल्या खिशातून चुरगळलेल्या कागदांचा गठ्ठा काढला आणि म्हणाली, 'मला शिवून द्याल का अशी एक?' मी तिथल्या तिथे डोळ्यांनीच माप घेतलं.

बाबांनी पिशवीतली गाडीची डायरी पुढे केली. 'तपासल्याचं लिहून द्या.' तिनं लिहिलं, 'सर्व कागद पाहिले. बरोबर आहेत.' खाली सही, तारीख, वेळ. मग मला म्हणाली, 'काकू, दंड नाही. पण थोडी दामटा हो गाडी. रस्ता पळून जात नाही, मागची माणसं मात्र चिडतात.' घरी येईपर्यंत बाबांनी डायरीतलं तिचं वाक्य माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. दोनदा लाल दिव्याला आणि एकदा दारात. संध्याकाळी मास्तरांना स्वतःहून हाक मारली आणि फिरायला गेले. उशिरा आले. बूट काढताना शीळ घालत होते.

आता मुद्दा. गेल्या महिन्यात तू फोनवर म्हणालीस, गाडीला गिऱ्हाईक बघितलंय, खालची खोली रिकामी करून ठेवलीय, दोघं कायमचे इकडे या, आणि मी 'हो' म्हटलं. तो 'हो' मी परत घेतेय. तो त्या खुर्चीकडे बघून म्हटलेला होता, आणि ती खुर्ची आता रिकामी असते. गिऱ्हाइकाला मी काल 'गाडी विकायची नाही' म्हणून कळवलं. रागावू नकोस. तू जे केलंस ते मायेनं केलंस, हे आम्हां दोघांनाही कळतं. तुझ्याकडे आम्ही येणारच आहोत, पण पाहुणे म्हणून, पंधरा दिवसांसाठी, आणि आपल्या गाडीनं. तीन दिवसांचा रस्ता बाबांनी मास्तरांकडून नकाशा वाचून घेऊन ठरवलाय. दर दोन तासांनी थांबायचं, अंधार पडायच्या आत मुक्काम. फोनवर सांगितलं असतं तर तू शपथ घातली असतीस आणि मी ती पाळली असती. म्हणून हे पत्र. ते तुझ्या हातात पडेल तेव्हा आम्ही अर्ध्या वाटेवर असू. शनिवारी दुपारी पोचतो. फाटक सताड उघडं ठेव आणि जावईबापूंना म्हणावं, तुमची गाडी बाहेर लावा. मला रिव्हर्स अजून नीट जमत नाही. मी सरळ आतच येणार आहे.

तुझीच,
आई