हुबेहूब ठसा

४ जानेवारी

आलो एकदाचे! दोन खोल्या, खिडकीशी ऐसपैस टेबल, आणि खिडकीतून थेट दिसणारं जुन्या टांकसाळीचं धुराडं. ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाईला आणखी काय हवं? घरमालकीण बोलकी आहे. ट्रंका वर येईपर्यंत यांनी तिच्या गुडघेदुखीची सगळी कहाणी ऐकून घेतली होती आणि बदल्यात स्वतःच्या निवृत्तीची ऐकवलीही होती. हे माझे मदतनीस म्हणून सोबत आलेत. मदत म्हणजे वेळोवेळी चहा आणि दुपारी घोरणं, हे मी धरूनच चालले आहे.

इथे कशासाठी आले ते पहिल्याच पानावर लिहून ठेवते. मागच्या कादंबरीत माझ्या व्यापाऱ्याने जी नाणी मोजली, ती तो मेल्यानंतर कितीतरी वर्षांनी पाडली गेली होती. एका समीक्षकाने तेवढं एक वाक्य धरून माझी अशी सालटी काढली की महिनाभर अन्न गोड लागलं नाही. या खेपेला नाणं चुकणार नाही. माझा राजा गादीवर बसताच स्वतःच्या चेहऱ्याचं नाणं पाडतो, आणि ते कसं पाडतात हे मी या डोळ्यांनी बघणार आहे.

७ जानेवारी

टांकसाळीच्या पुढच्या भागात आता संग्रहालय आहे. मागच्या शेडमध्ये मात्र एक जुनं यंत्र अजून चालतं. त्यावर मागणीप्रमाणे पदकं आणि स्मरणनाणी पाडतात.

आज दिवसभर नाणी बघितली. हातमोजे घालून, कडेने धरून. चेहऱ्याला बोट लावायचं नाही. हे तसंच बोट लावायला गेले आणि तिथल्या बाईंकडून बोलणी खाल्ली. एक गंमत लक्षात आली. सगळे राजे एकाच आईची लेकरं वाटतात. तेच गोल गाल, तेच फुगीर डोळे. आणि एकालाही कान नाही! कुणाचे केस पुढे आलेत, कुणाचा मुकुट खाली आलाय, आणि जिथे काहीच आलेलं नाही तिथे नुसता सपाट गाल. मी वहीत लिहिलं, इथल्या कारागिरांना कान जमत नसावा. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, पूर्वीपासून तसंच आहे.

१२ जानेवारी

शेडमधल्या कारागिरांशी ओळख झाली. ठसे कोरतात. माणूस हसरा, कामाला सावकाश, गप्पांना तयार. पोलादाच्या ठोकळ्यावर चेहरा उलटा आणि खोल कोरायचा असतो. आपलं नाक म्हणजे तिथे खड्डा. मग धातूची चकती ठेवायची आणि वरून एकच घाव. मी त्यांना म्हटलं, माझ्या राजाचं नाणं माझ्यासमोर पाडून द्या. ते म्हणाले, चेहरा कुणाचा घेऊ?

हे बाकावर बसल्या बसल्या पेंगत होते. नाकाची बाजू खिडकीकडे. सासूबाई या नाकाचं फार कौतुक करायच्या, आणि माझ्या राजाला मी पहिल्याच प्रकरणात हेच नाक लावून दिलंय. मी बोट दाखवलं. जागे झाल्यावर यांना कळलं तेव्हा म्हणाले, इतकी वर्षं नुसते हुकूम ऐकले, शेवटी राज्याभिषेक झाला म्हणायचा.

१९ जानेवारी

ठसा जवळजवळ तयार आहे. इतका हुबेहूब की मला भरून आलं. भुवईतला तो वर गेलेला केससुद्धा आहे. फक्त कान नाही.

मी कारण विचारलं. म्हणाले, इथे कान कोरत नाहीत, गुरुजींनी तसंच शिकवलंय. गुरुजींना कुणी शिकवलं? त्यांच्या गुरुजींनी. आणि का? तर हसून म्हणाले, तेवढंच काम कमी, बाई! असल्या आळसाला परंपरा म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. मी मात्र त्यांची पाठ सोडली नाही. माझ्या नावावर पुन्हा चूक नको आहे. शेवटी तोंड वाकडं करून त्यांनी कान कोरला, आणि सुरेख कोरला. पाळीची चीरसुद्धा सोडली नाही.

२० जानेवारी

पहिलं नाणं पडलं! घाव बसला तेव्हा हे माझ्याशेजारी एकदम दचकले, गालाला हात लावला. कुणी चापट मारल्यासारखं वाटलं म्हणाले. मी म्हटलं, राजेसाहेब, तुमच्याच राज्यात तुम्हाला कोण मारणार?

प्रकाशकांना नाण्याचा फोटो पाठवला. तासाभरात त्यांचा फोन. कादंबरीच्या प्रत्येक प्रतीसोबत वाचकाला हे नाणं द्यायचं! पूर्ण मागणी त्यांनी टांकसाळीकडे नोंदवलीसुद्धा. मला आकाश ठेंगणं झालंय.

२५ जानेवारी

लेखन जोरात चाललंय. यांना मात्र दिवसभर कुणीतरी दार ठोठावल्यासारखं वाटतं. सारखे उठून बघून येतात. घरमालकीण म्हणाली, मी ठोठावत नाही हो, सरळ आत येते. तिचं खरंच आहे. मला काहीच ऐकू येत नाही.

चहाच्या सुमाराला थोडा वेळ आवाज थांबतो म्हणतात. मग पुन्हा सुरू.

३० जानेवारी

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. कान स्वच्छ, पडदा ठणठणीत. वयाप्रमाणे होतं म्हणाले आणि थेंब लिहून दिले. परत येताना हे रस्ताभर कान चोळत होते. मला त्यांचा हात धरावासा वाटला, धरला. फार दिवसांनी असे चाललो.

रविवारी मात्र यांना गाढ झोप लागली. दारावर कुणी आलं नाही म्हणाले.

३ फेब्रुवारी

लेकीचा व्हिडिओ कॉल. आधी खूप हसली, बाबा राजे झाले म्हणून. मग मला म्हणाली, आई, कॅमेरा पुसून घे, बाबांचा चेहरा पुसट दिसतोय.

मी पुसला. पदराने, चांगला घासून. ती म्हणाली, तुझा दिसतोय की नीट.

६ फेब्रुवारी

आज शेडमध्ये गेले होते. नाण्यांच्या पेट्या भरून ठेवल्यात. सगळ्यात वरचं एक उचललं आणि माझ्या पर्समधल्या पहिल्या नाण्याशेजारी धरलं. नाकाचं टोक बोथट. भुवई जवळजवळ नाही. तो वर गेलेला केस नाही.

कारागिरांना विचारलं. त्यात काय, म्हणाले, ठसा झिजतोच. दर घावाला थोडा थोडा. जाणकार माणूस नाण्याकडे बघून सांगतो, हे आधीचं की नंतरचं. एवढी मोठी मागणी म्हटल्यावर शेवटची नाणी गुळगुळीतच निघायची. मी विचारलं, किती काम उरलंय? म्हणाले, अजून अर्धंही झालेलं नाही.

घरी आले. हे खिडकीशी वाचत बसले होते. चष्मा सारखा घसरत होता, आणि हे तो बोटाने पुन्हा पुन्हा वर ढकलत होते. नाकावर तो अडकायला जागाच राहिलेली नाही. मी रोज यांच्यासमोर बसते. रोज. आणि मला दिसलं नाही. मी राजाच्या अंगरख्याच्या गुंड्या लिहीत होते.

७ फेब्रुवारी

खात्री करून घेतली. नसती केली तर बरं झालं असतं. शेडमध्ये फोन नेऊ देत नाहीत, म्हणून फाटकाबाहेर उभी राहून यांना फोन लावला आणि गप्पा मारत राहिले. आत घाव पडला की तिकडे हे बोलता बोलता अडखळायचे. प्रत्येक वेळी. कारागीर चहाला बाहेर आले, तेव्हा हे म्हणाले, आत्ता कुठे बरं वाटतंय.

८ फेब्रुवारी

कारागिरांच्या पाया पडायची बाकी राहिले. कान काढून टाका म्हटलं, कान आहे म्हणूनच घाव यांच्यापर्यंत पोचतोय. ते म्हणाले, बाई, कोरलेलं भरता येत नाही. हवा तर दुसरा ठसा करू, पण हाही चालू राहील, मागणी याच्यावर आहे. मी रडले तेव्हा त्यांनी स्टूल दिलं, पाणी दिलं. गुरुजींनी कधी कारण सांगितलं होतं का, असं मी पुन्हा विचारलं. त्यांनी खरोखर आठवून बघितलं. नाही म्हणाले.

टांकसाळीचे साहेब म्हणाले, मागणी प्रकाशकांची आहे, थांबवायची तर त्यांनी थांबवावी. प्रकाशक हसले. मी थकलेय म्हणाले. चार दिवस विश्रांती घ्या.

१० फेब्रुवारी

भुवया गेल्या. ओठांची कड गेली. डॉक्टरांनी मलम दिलं, मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली, आणि बोलताना यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघत राहिले.

हे म्हणतात, दाढीचा खर्च वाचला. मी हसले नाही. मग म्हणाले, माझ्याकडे अशी बघू नकोस गं.

त्यांना सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं. विश्वास बसला की नाही कळलं नाही. कळण्यासारखं त्या चेहऱ्यावर आता —

११ फेब्रुवारी

प्रकाशक फोन उचलत नाहीत.

रस्त्यात हे समोरून आले आणि मी ओळखलं नाही. शर्टावरून ओळखलं. त्यांना ते कळलं. 

१२ फेब्रुवारी

घाव चालू आहेत. आता हे दचकत नाहीत. नुसती मान थोडी हलते.

मी काय केलं हे! कोण तो समीक्षक, आणि कोणासाठी मला तो कान —

१३ फेब्रुवारी

प्रकाशकांना कळवलं, कादंबरी देणार नाही. लिहिलेली प्रकरणं फाडते, घेतलेले पैसे परत करते, हवं तर कोर्टात जा. तेव्हा फोन आला. खूप बोलले, मी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, ठीक आहे, नाण्यांचं काम आजच बंद करायला सांगतो. मी फोनवर असतानाच टांकसाळीला तसं पत्र मेलने पाठवलं.

दुपारनंतर आवाज नाही. हे म्हणाले, गेलं वाटतं कुणीतरी दारावरून. मी यांच्या कुशीत डोकं खुपसून रडले.

१४ फेब्रुवारी

दिवसभर शांत. जीव भांड्यात पडला. जे गेलं ते गेलं. डोळे आहेत, आवाज आहे, हात तेच आहेत. एवढ्यावर मी संसार करीन. याहून कमी असतं तरी केला असता.

सकाळी सामान बांधायला घ्यायचं.

१५ फेब्रुवारी

कारागिरांचा फोन. खुशीत होते. काम बंद झालं की ठसा रद्द करायचा असतो म्हणे, नियमच आहे. चेहऱ्यावर छिन्नी ठेवायची आणि आडवा घाव घालायचा, म्हणजे पुन्हा कुणी त्यावरून नाणी पाडायला नकोत. साहेब आलेत, मी आत चाललोय, तुम्हाला आठवण म्हणून तुकडे हवे असतील तर मागून ठेवतो —

मी ओरडले. फोन बंद झाला होता. शेडमध्ये जाताना सगळ्यांचे फोन फाटकावर जमा करतात.

साहेबांचा फोन लागत नाही. कार्यालयातला नुसता वाजतोय.

घरमालकीण त्या गुडघ्यांनी रस्त्यावर धावलीय, मिळेल ती गाडी पकडून तिकडे जायला. मी जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. यांना एकटं कसं सोडू. कुणी तरी जवळ हवं ना, जर —

लिहितेय, कारण लिहीत असले की हे काही विचारत नाहीत. वर बघितलं तर माझ्या तोंडावरून यांना कळेल.

समोर बसून संत्रं सोलतायत. मला शिरा आवडत नाहीत म्हणून एक एक शीर काढून फोडी वहीशेजारी मांडतायत. म्हणतात, प्रवासात खायला होतील. लेकीला कळवलंस का, विचारतात. मी हो म्हटलं. गाडीत मला खिडकी दे, म्हणतात.

पुन्हा फोन लावला. वाजतोय. वाजतोय.

एक फोड माझ्यापुढे धरलीय. आधी ही खा, मग लिही म्हणतात, संत्रं किती गोड निघालं म्हणून सां —

फोड वहीवर पडली. बोलता बोलता थांबलेत.

मी वर बघ