डार्विनचा कावळा

चि. सौ. भागीरथा हिस थोरल्या जावेचे आशीर्वाद.

तुझे पार्सल पोचले. टपालखर्च अकराशे चाळीस, आत काळे तीळ वीस रुपयांचे आणि दर्भ फुकटचा. पैकी तीळ आणि दर्भ इथल्या सरकारने काढून घेतले (परदेशी बी-बियाणे चालत नाही), माझ्या हाती पिशवी आली. तुझा गुडघा कसा आहे? मारोतराव भाऊजींनाही विचारले म्हणून सांग.

हे डार्विन ऑस्ट्रेलियाच्या वरच्या टोकाला. गरमी पांढरकवड्याचीच, तेव्हा एवढ्या लांब येऊन काय मिळवले ते समजत नाही. समुद्र आहे, पण पाय बुडवायचा नाही, मगरीच्या पाट्या आहेत. लोक पैसे मोजून जनावरे पाहायला येतात (आपल्याकडे टिपेश्वरचा वाघ फुकट वावरात येतो). गल्लीत ग्रीक, तिमोरी, फिलिपिनो, सगळे भले, पण श्राद्धाला सांगायला माणूस नाही.

सोमवारी तुझ्या भासऱ्यांचे, म्हणजे आमच्या ह्यांचे, वर्षश्राद्ध केले. कढी, वडे, खीर. पान मागच्या अंगणात ठेवले. कावळा तारेवर येऊन बसला आणि नुसता पाहत राहिला. तेवढ्यात वाकड्या चोचीचा पांढरा पक्षी भात खाऊन गेला. तुऱ्याच्या पोपटाने वडा नेला. मग रानकोंबडीसारखे काही आले आणि पायाने माती उकरून कढीवर लोटली. (हाकलायची सोय नाही, सूनबाई समीक्षा म्हणाली, कायदा आहे.)

मग रीतीप्रमाणे हात जोडून वचने दिली. मी आधी स्वस्तातली दिली: बाज नवी विणून घेते, तंबाखूची डबी जपते. कावळा ढिम्म. पियुष डोळे मिटून म्हणाला, "बाबा, आईले मी आता इथंच ठेवतो. तुमी काळजी नका करू." कावळा उडून गेला.

पियुषचे डोळे मिटलेलेच. "शिवला काय, आई?"

"शिवला," मी म्हटले.

पोरगा ढसाढसा रडला. बाप गेला तेव्हा वेळेवर पोचला नव्हता. तेव्हापासून रडलाच नव्हता. शेजारच्या ग्रीक म्हातारीने कुंपणावरून उकडलेले गहू दिले, त्यांच्यात मेलेल्यांसाठी तेच करतात म्हणे. पायरीवर बसून मी खाल्ले. बाकी क्षेम.

तुझी जाऊबाई,
रत्नप्रभा

ता. क. तुझे भासरे पुसदला जाताना दोनदा चुकीच्या एस.टी.त बसले होते. त्यांना डार्विन सापडले असेल असे वाटत नाही. येत्या सर्वपित्रीला घरामागच्या निंबाखाली पान ठेव आणि माझ्या नावाने वचन दे, की ती दिवाळीच्या आत घरी येते. शिवला तर मी पियुषला तिकीट काढायला सांगीन.

ता. क. दुसरा. उलट टपाली कळव, पण पत्र आधी पियुष फोडतो. म्हणून कावळ्याचे नाव काढू नको. शिवला तर गुडघा बरा आहे असे लिही, नाही शिवला तर दुखतो असे. (खरोखर दुखत असेल तर या पत्रापुरते सोसून घे.)