पेन्सिलीतली सही

प्रिय ढलपे,

तुझं पाकीट मागच्या मंगळवारी मिळालं. आत तो फॉर्म, खारीने काढलेलं चित्र आणि तुझी चिठ्ठी. चित्रातला माणूस मी आहे म्हणतेस. कानामागची पेन्सिल पोरीने बरोब्बर काढली आहे, बाकी माणूस कुणीही असू शकेल. मी ते वर्कशॉपात रंध्याच्या वर चिकटवलंय. फॉर्म मात्र तसाच पडून आहे. सही करायला एवढा वेळ का, असं तू फोनवर विचारलंस आणि मी चष्म्यावर ढकललं. चष्म्याला काही झालेलं नाही.

मी सातवीत शाळा सोडलेला सुतार. पत्र वाकडंतिकडं जाईल, सांभाळून घे.

खार आता वर्गात बडबड करते म्हणून बाईंची तक्रार आली, हे वाचून मला हसू आलं. दोन वर्षांपूर्वी तू तिला तिच्या देशातून दत्तक घेऊन आलीस, तेव्हा विमानतळावर तिने तुझं बोट धरलं नव्हतं, बॅगेचा पट्टा धरला होता. सहा वर्षांचं पोर, आपली भाषा येत नाही, आणि दोन महिने तोंडातून चकार शब्द नाही. तू एकटीने ते सगळं काढलंस. वर्कशॉपात आली की ती रंध्याखालच्या ढलप्या खिशात भरायची, म्हणून मी तिला खार म्हणायला लागलो. लहानपणी तूही तेच करायचीस, म्हणून तर तू ढलपी. रक्ताचं नातं नाही म्हणे! खिसे बघा म्हणावं दोघींचे.

तिच्यासाठी केलेला पलंग आखूड पडला होता, आठवतंय? पाय बाहेर लोंबत होते आणि तू पोट धरून हसलीस, की बाबांचं माप जन्मात पहिल्यांदा चुकलं. मी फळ्या जोडून तो वाढवून दिला, सांधा अजून दिसतो. ढलपे, माप चुकलं नव्हतं. तो पलंग मी दोन वर्षांच्या मुलीसाठी केला होता.

ती आधीची. जिचा फोटो तुझ्या फ्रिजवर होता, एक बूट पायात आणि एक हातात. तू तिचं नावही ठरवलं होतंस. मी ते इथे लिहीत नाही, माझा हात चालणार नाही. घरच्या चौकशीचा एक कागद तेवढा उरला होता. मग दत्तक देणाऱ्या संस्थेचं पत्र आलं, की जवळच्या नातेवाइकाने दिलेल्या माहितीवरून पुन्हा सगळी तपासणी होईल. त्यात चौदा महिने गेले. त्या लेकराला तेवढं थांबवून ठेवता येईना, ती दुसऱ्या घरी गेली. तू फोटो काढून ठेवलास, पण चुंबक कितीतरी दिवस रिकामाच फ्रिजवर होता.

तू खापर आत्यावर फोडलंस. तिचं तोंड सैल, आणि एकट्या बाईला कशाला हवंय परदेशातलं पोर, हे ती चारचौघांत बोललेली. त्या दिवसापासून तू तिच्या दारात पाऊल टाकलं नाहीस. तिने पाठवलेला स्वेटर तू न उघडता परत केलास, तेव्हा मी शेजारीच उभा होतो. मूग गिळून.

चौकशीच्या बाई आत्याकडे गेल्याच नव्हत्या. त्या वर्कशॉपात आल्या. दुपारची वेळ, मी त्यांना स्टूल पुसून दिलं, चहा दिला. समोर तोच पलंग होता, त्याच्या कडेवरून हात फिरवून त्यांनी कौतुकही केलं. मग विचारलं, तुमची मुलगी एकटी मूल सांभाळेल का? तुला माझी सवय माहीत आहे. लाकडातली गाठ मी गिऱ्हाइकाला आधी दाखवतो, म्हणजे मागाहून बोल लागत नाही. तशी मी तुझी गाठ दाखवली. डोकं तापट आहे, म्हटलं. ठरलेलं लग्न मोडलं, दोन नोकऱ्या सोडल्या. आणि तिची आई गेल्यावर दोन महिने अंथरुणातून उठली नव्हती, म्हटलं. बाई लिहीत होत्या. हातांनी मी पलंग करत होतो आणि तोंडाने तो मोडत होतो.

सवयीने बोलून गेलो, हे मी स्वतःला चार वर्षं सांगितलं. ते खोटं आहे. गाठ दाखवल्यावर मी गिऱ्हाइकाला हेही सांगतो, की लाकूड पक्कं आहे, पिढ्यान्‌पिढ्या टिकेल. तुझ्याबद्दल ते वाक्य माझ्या जिभेवर होतं, मी बोललो नाही. तुझी आई गेल्यावर तू रोज संध्याकाळी जेवायला यायचीस. पोर आलं की ते संपणार, माझ्या ताटासमोर कुणी बसणार नाही, एवढाच हिशेब होता माझा. इतका हलका माणूस तुझा बाप.

हे सगळं झालं म्हणूनच खार आली, ही पळवाट मी खूपदा वापरून पाहिली. पण त्या बूट हातात धरलेल्या पोरीला त्याने काय फरक पडतो?

आत्याला मी तेव्हाच सांगितलं होतं. ती म्हणाली, ‘राहू दे दादा माझ्यावर, तुला ती एकच आहे.’ अजून विचारते, पोर जेवते का नीट. आता तिला जिना चढवत नाही. तू माझ्याकडे नको येऊस हवं तर, तिच्याकडे जा.

आता फॉर्मचं. तुझं काही बरंवाईट झालं तर मुलीला कोण सांभाळेल, या प्रश्नापुढे तू माझं नाव लिहिलंस आणि चिठ्ठीत म्हणालीस, बाबा, सगळ्यांनी पाय मागे घेतले, तुम्ही एकटे उभे राहिलात. ते वाक्य वाचलं आणि पेन खाली ठेवलं. तुला ठाऊक नसलेल्या माणसाच्या हाती तू लेक देते आहेस. कापण्याआधी पेन्सिलीने आखून घ्यावं, तशी मी सही पेन्सिलीने केली आहे. फॉर्म सोबत आहे. हे वाचूनही मी चालणार असेन तर कागद परत पाठव, शाईने गिरवतो. नाहीतर खोडरबर घे आणि तिथे तुझ्या आत्याचं नाव लिही.

तुझाच, तू म्हणशील तोवर,
बाबा